फुली

फुलीशी माझं सख्य कधीच नव्हतं. पहिली ओळख गणिताच्या वहीत झाली, लाल शाईतली. नंतर फुली-गोळ्याच्या खेळात गोळा कायम माझ्या वाट्याला आणि फुली जिंकणाऱ्याच्या. नोकरी लागली तर तिथेही हिशेब विभागात एक मॅडम बसलेल्या. प्रवासखर्चाचं बिल दिलं की चार दिवसांनी परत येतं, दोन-तीन रकमांपुढे बारीक, रेखीव फुली घेऊन. कारण त्या लिहीत नाहीत. कारण आपलं आपण शोधायचं असतं. अशा परिस्थितीत, चाळिशीत पोचल्यावर, पदरचे पैसे घालून आणि कुणीही सांगितलेलं नसताना मी रोज संध्याकाळी फुल्या मारत बसेन, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर त्या भाकितावरही मी फुलीच मारली असती.

क्रॉस स्टिच म्हणजे तरी दुसरं काय? एक तिरका टाका, त्याच्यावर उलट दिशेने दुसरा तिरका टाका. झाली फुली. असल्या हजारो फुल्या शेजारी शेजारी बसल्या की लांबून पक्षी दिसतो, जवळून फुल्याच दिसतात. बाकीचं भरतकाम मला कधी जमलं नाही. साखळी टाका माझ्या हातून निघाला की त्या साखळीने कुणी मांजरही बांधून ठेवणार नाही. इथे मात्र कापडालाच आखणी आणि भोकं असतात, सुईचं टोक बोथट असतं, कारण काही टोचायचंच नसतं, असलेल्या भोकातून जायचं असतं. चित्रकला येत नसली तरी चालते. मोजता आलं की पुरे.

मोजता येतं असं मला वाटत होतं.

चौदा काउंटचं कापड म्हणजे एका इंचात १४ चौकोन. सोळाचं घेतलं तर फुली आणखी बारीक, चित्र आणखी लहान आणि चष्म्याचा नंबर आणखी मोठा. नमुन्याच्या कागदावर दर दहा चौकोनांनंतर जाड रेघ असते, ती माझ्यासारख्यांसाठीच. कापडाची दुहेरी घडी घालून मध्य काढायचा आणि तिथून मोजत बाहेर जायचं. ‘एकोणीस, वीस, एकवीस’ करत आपण निघावं आणि नेमकं तेव्हाच घरातल्या कुणीतरी ‘दार लावलंस का?’ विचारावं. मी ‘बावीस’ म्हणते. घरच्यांना आता सवय झाली आहे. बावीसचा अर्थ ‘हो’ असा ते धरून चालतात, आणि दार दोनदा रात्रभर उघडं राहिलं आहे.

एका चौकोनाची चूक तेव्हाच कळली तर बरं. ती कळते तीन संध्याकाळींनी, जेव्हा पानाची डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकींना भेटायला येतात आणि भेटत नाहीत. मग उसवणं. सुईच्या बोथट टोकाने एकेक टाका उचलून, आलो त्याच वाटेने उलटं जायचं. उसवताना दोरा फुगतो, पिंजतो, आणि तोच परत वापरला तर जुन्या भांडणासारखा दिसत राहतो. तो टाकून नवा घ्यावा हे शहाणपण मला तीन पानांनंतर आलं.

आता वेळेचं. लोक विचारतात, नोकरी सांभाळून वेळ कसा काढतेस? त्यांना उत्तर सांगायला मला संकोच वाटतो, कारण मी वेळ काढत नाही, उचलते. सकाळी सगळे तयार होऊन एकाच्या मोज्यासाठी सगळे थांबलेले असतात, ती आठ मिनिटं. दवाखान्यातल्या बाकावरची चाळीस. ग्राहक सेवा केंद्राने फोन धरून ठेवायला सांगून तेच ते संगीत ऐकवलं, तेव्हाच्या तर सतरा फुल्या मी मोजल्या आहेत. शेवटी तिकडून ‘नमस्कार’ आला तेव्हा मला थोडा रागच आला, रांग संपायला एक राहिली होती.

इथे मला या कामाची खुबी कळली. बाकी बऱ्याच गोष्टींना आधी मांडामांड लागते. रंग काढा, पाणी घ्या, ब्रश धुवा. पुस्तकात निदान प्रकरण संपेपर्यंत थांबावंसं वाटतं. फुली मात्र चार हालचालींची असते: वर, खाली, वर, खाली. चौथी झाली की ती पूर्ण. पुढची घातली नाही तरी हिचं काही अडत नाही. दिवसभर ऑफिसात मी जे करते त्यात अशी पूर्ण झालेली गोष्ट मला संध्याकाळी दाखवता येत नाही. मेलला उत्तर दिलं की त्याला उत्तर येतं. अहवाल पाठवला की ‘अंतिम’, ‘अंतिम नवा’ आणि ‘अंतिम नवा दुरुस्त’ असा त्याचा वंश वाढतो. फुलीला उत्तर येत नाही. ती कापडावर बसते आणि उद्या तिथेच सापडते.

ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असेल तर मी भरते, हे इथे कबूल करून टाकते. त्याचे नियम आहेत. मीटिंगमध्ये फक्त आकाश भरायचं, म्हणजे एकाच रंगाची सलग जागा, मोजणी नको. चेहरे, चोची, फुलांच्या कडा मीटिंगला आणायच्या नाहीत. एकदा हा नियम मोडून मी चोच घेऊन बसले, साहेबांनी अचानक ‘तुमचं काय मत?’ विचारलं आणि मी ‘एक चौकोन डावीकडे हवं होतं’ म्हणाले. दोन क्षण शांतता. मग कुणीतरी म्हणालं, ‘म्हणजे तक्त्यात ना? हो, मलाही तसंच वाटलं.’ तक्ता खरोखर डावीकडे सरकवण्यात आला.

मध्ये मी एक मोठी चूक केली, चोचीपेक्षा मोठी. १४० गुणिले १४० चौकोनांचं चित्र घेतलं, कोपरान् कोपरा भरायचं. कापडावर ते जेमतेम दहा इंच लांब, दहा इंच रुंद. फुल्या मात्र १९,६००. आकडा बघून माझ्यातली नोकरदार जागी झाली. एक्सेलची शीट केली: तारीख, उद्दिष्ट, प्रत्यक्ष, थकबाकी. रोज ४० फुल्या, म्हणजे ४९० दिवस. तिसऱ्या आठवड्यात थकबाकीच्या रकान्यात ३१२ आले आणि महिनाअखेरीला पोटात जो गोळा येतो तो मला रविवारी सकाळी, अंगावर ऊन घेऊन बसलेली असताना आला. स्वतःच्याच छंदात मी स्वतःची थकबाकीदार! शीट उडवली. चित्र अजून आहे, वर्षाला बोटभर सरकतं. सरकू दे.

छोटी सुखं म्हणतात ती यात बरीच आहेत आणि ती सांगायला गेलं की हास्यास्पद वाटतात. नवी लडी सोडताना योग्य टोक सापडलं की दोरा न अडकता सळसळत येतो, त्याचं सुख. या दोऱ्याला सहा पदर असतात आणि चौदाच्या कापडावर बहुधा त्यातले दोन घ्यायचे. दोन्ही एकदम ओढले तर गुंता. एकच पदर धरून सरळ वर ओढला तर बाकीचे पाच खाली गोळा होतात, आता संपलंच असं वाटतं, आणि पदर सुटला की ते झटक्यात पुन्हा सरळ होऊन लोंबतात. हे मी किती वेळा पाहिलंय, तरी दर वेळी बघते. गाठ न मारता सुरुवात करण्याची युक्ती तर कळली त्या दिवशी मी दोन माणसांना फोन केला: एकच लांब पदर दुमडायचा, दोन्ही टोकं सुईत, मागे राहिलेल्या फासातून पहिला टाका परत न्यायचा, की दोरा आपोआप धरला जातो. दोघांनीही ‘बरं’ म्हटलं. आणि काळ्या कापडावर भोकं दिसेनाशी झाली की मांडीवर पांढरा टॉवेल टाकायचा, भोकं लगेच उजळतात. हे कुणाला सांगितलं नाही. इथेच सांगते आहे.

फुल्यांची एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना ऐकवते. अलेक्सिस कॅसडॅग्ली नावाचा ब्रिटिश मेजर १९४१ साली क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडला. युद्धकैद्यांच्या छावणीत वेळ जाता जाईना. एका सोबत्याने कापडाचा तुकडा दिला, एका क्रीटन जनरलच्या उसवत चाललेल्या पुलोव्हरमधून दोरे मिळाले, आणि त्या डिसेंबरात त्याने एक चौकट भरली. मध्ये नाव-गाव, सभोवती ठिपके आणि रेघांची नक्षी. पहारेकऱ्यांना ती आवडली. त्यांनी ती मांडून ठेवली, दुसऱ्या छावण्यांतही नेऊन दाखवली. ते ठिपके आणि रेघा म्हणजे मोर्स लिपी होती. एका ओळीत राजाला देव सुखी ठेवो अशी प्रार्थना, आणि दुसरीत हिटलरला उद्देशून असा एक शब्द की जो आपल्याकडे छापायचा झाला तर फुल्या-फुल्या घालून छापतात. फुल्या-फुल्यांचा शब्द टाक्याटाक्याने भरणारा माणूस! साहेब मीटिंग लांबवायला लागले की मला त्याची फार आठवण येते. मोर्स मी अजून शिकलेले नाही, ते आमच्या साहेबांचं नशीब.

परवा हिशेब विभागातल्या मॅडमची बदली झाली. निरोपाला सगळ्यांनी मिळून घड्याळ दिलं. मी सोबत आपला एक छोटा चौकोनी तुकडा दिला, फांदीवरचा पक्षी, हिरवी पानं. का दिला हे मला नीट सांगता येणार नाही. अकरा वर्षांत त्यांनी माझ्या बिलांवर मारलेल्या फुल्यांची परतफेड करावी असं काहीतरी डोक्यात असावं.

मॅडमनी तो हातात घेतला, पक्ष्याकडे पाहिलंही नाही. सरळ उलटा केला. माझ्या छातीत धस्स झालं, कारण उलट्या बाजूला आपलं सगळं आयुष्य असतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो तुकडा डोळ्यांजवळ नेला. बोट फिरवून पाहिलं.

“गाठी नाहीत,” त्या म्हणाल्या. मग बोट एका जागी थांबलं. “पण या हिरव्या दोऱ्याची उडी फार लांब घेतलीस गं. पुढून सावली दिसते बघ. इथे तोडायला हवा होता.”

दिसत होती. मला चार महिने दिसली नव्हती.

“चौदा ना?” त्यांनी विचारलं. “मी आता सोळावर आहे.”