आमची वाटचाल : बगडगंज ते बुटीबोरी आणि परत

१९९१ साली नागपूरच्या बगडगंजच्या स्मॉल फॅक्टरी एरियात बटाल्याची एक जुनी सहा फुटी लेथ (लोखंड फिरवत कातायचं यंत्र) घेऊन आम्ही सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि वस्ताद. वस्ताद एम्प्रेस मिलच्या वर्कशॉपातले टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे. १८७७ साली सुरू झालेल्या त्या मिलचं कापड सगळ्यांना आठवतं. तिनं नागपूरला टर्नर-फिटर किती दिले, ते कोणी सांगत नाही. चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, बांधलेला जॉब किती हलतो ते वस्ताद नुसत्या डोळ्यानं सांगत आणि मग डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं साधन) लावून आमची तोंडं बघत. तो गेज अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

पुढची सोळा-सतरा वर्षं बरी गेली.

२००८ मध्ये समोरच्या शेडवाल्यानं (नाव घेत नाही, गल्लीला माहीत आहे) माझ्या हाताखाली तयार झालेला टर्नर जास्त पगारावर ओढला. रागाच्या भरात मी शहराबाहेर, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेतलं. जागा तिप्पट, भाडं निम्मं. वस्ताद म्हणाले, "काहून जाता जी एवढ्या दूर?" ते आले नाहीत.

फेब्रुवारीत, तुरीच्या ऐन सीझनमध्ये, कळमन्याच्या डाळमिलवाल्या शेठचा शाफ्ट तुटला, गियरचे दातही गेले. शेठ पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. बगडगंजात असतो तर ईएन-८ पोलादाचा बार इतवारीतून, टर्निंग माझ्याकडे, कीवे, म्हणजे चावीची खाच, मागच्या गल्लीत स्लॉटिंग मशीनवर, गियरचे दात समोर हॉबिंग मशीनवर, आणि रात्री नऊला मिल चालू. बुटीबोरीहून प्रत्येक कामाला टेम्पो, पंचवीस-तीस किलोमीटर जा, तेवढंच ये. तीन दिवस गेले. शेठ काही बोलले नाहीत. पुढचा जॉब मात्र आला नाही.

मोठ्या कारखान्यांना बुटीबोरी मानवते, त्यांचं सगळं गेटच्या आत असतं. आमच्यासारख्यांचं अर्धं वर्कशॉप शेजाऱ्याकडे असतं. पोरंही टिकेनात. बगडगंजात दोन दिवस काम नसलं तर पोरगं पलीकडच्या शेडमध्ये जाऊन हजेरी भरतं; बुटीबोरीत घरी बसायचं. म्हणून पगार जास्त मागत, आणि त्यांचं चुकत नव्हतं. २०१० मध्ये बँकेच्या हप्त्यासाठी एचएमटीची लेथ विकली. ती ट्रकवर चढताना मी चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. मग बगडगंजात परत आलो, लहान शेडमध्ये, दुप्पट भाड्यानं.

भाचा अर्थशास्त्र शिकवतो. तो म्हणतो, शहर दुप्पट झालं की उत्पादकता साधारण ३ ते ८ टक्क्यांनी वाढते, हे अनेक देशांत मोजलंय. त्यातला काही भाग हुशार माणसं मोठ्या शहरात जातात म्हणून. मुलगा लगेच म्हणाला, मग पुण्याजवळ चाकणला चला. २०११ च्या जनगणनेत नागपूर आणि लगतची वस्ती २५ लाख, पिंपरी-चिंचवड धरून पुणे ५० लाख. बरोबर दुप्पट. पण ते तीन-चार टक्के भाड्यातच जातील, आणि तिथला स्लॉटिंगवाला मला उधारी देईल का?

नवीन पोरांनो, जागा बघायला जाल तर भाडं विचारायच्या आधी गल्लीत पायी फिरा. हार्डनिंगवाला (पोलाद तापवून कडक करणारा) भट्टी कोणत्या वारी पेटवतो, रात्री आठला बेअरिंग मिळतं का, ते बघा. आणि कार्बाईड टिपला (लेथच्या हत्याराच्या कापणाऱ्या टोकाला) धार स्वतः लावायला शिका, त्यासाठी माणूस ठेवू नका.

शेठ दोन वर्षांनी परत आले. आता शाफ्ट मी करतो, गियर समोरचा, आणि तोही माझाच जुना टर्नर कापतो. आम्ही बोलत नाही. पोऱ्या चिठ्ठीवर मॉड्यूल (दाताचं माप) आणि दातांची संख्या लिहून घेऊन जातो. मागच्या बिलात समोरच्यानं पन्नास रुपये जास्त लावलेत. ते मी अजून दिलेले नाहीत.