अनुस्वारातला उजेड

दिवे लागले की छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतून नाहीतर लातूरच्या गंजगोलाईतून एक चक्कर मारावी आणि दुकानांच्या बोर्डांवरचे फक्त अनुस्वार बघत चालावं. ‘मंगल’चं ‘मगल’ झालेला एखादा बोर्ड तरी सापडतोच. अक्षरं लख्ख, डोक्यावरचं टिंब तेवढं काळं. दुकानदार म्हणतो, एलईडी उडाली. बहुतेक वेळा तिथं ती बसवलेलीच नसते.

अक्षराच्या डब्यात बसवायचं तीन एलईडींचं नेहमीचं मॉड्यूल, म्हणजे तयार पट्टी, पावणेतीन इंचांच्या आसपास लांब. फूटभर उंच अक्षराचा अनुस्वार जेमतेम दीड इंचाचा. मॉड्यूल तोडून बसवावं, तर आतल्या तिन्ही एलईडी एका माळेत असतात. प्रत्येकीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, मॉड्यूलला मिळणाऱ्या १२ पैकी उरलेले रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा छोटा भाग, खातो. एक तुटली की तिन्ही गेल्या. म्हणून टिंबाला एका एलईडीचं मॉड्यूल लागतं, आणि त्याची वायर न्यायला एसीपी शीटला, म्हणजे अक्षरांमागच्या ॲल्युमिनियमच्या पाटीला, वेगळं भोक. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच डबा होतो, सुटं राहतं ते टिंबच. घाईत विसरायला यापेक्षा सोयीची जागा नाही.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यात लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. दुकानदार म्हणतो, दोन्ही नावं दीड फुटाची करा. पण वरची वेलांटी, मात्रा आणि खालचा उकार आपापली जागा घेतात. १८ इंचांतून अक्षराच्या अंगाला १० उरले तरी खूप. इंच उंचीला दहा फूट, हा लांबून वाचण्याचा ढोबळ हिशेब या १० इंचांवर करायचा, १८ वर नाही.

विजेचा हिशेब कागदावर सोपा. १.२ वॉटची ६० मॉड्यूल म्हणजे ७२ वॉट. पॉवर सप्लाय, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा, ८० टक्क्यांच्या वर राबवायचा नाही, म्हणून १०० वॉटचा. गडबड पुढे होते. १२ व्होल्टवर ७२ वॉट म्हणजे ६ अँपिअर. सप्लाय ५ मीटर लांब ठेवला आणि वायर १ चौरस मिमीची ओढली, तर जाऊन-येऊन १० मीटर तांब्यात १ व्होल्टहून जास्त गळतो. शेवटची अक्षरं पिवळट, मलूल दिसतात आणि बोल मात्र एलईडीच्या कंपनीला. २.५ ची वायर ओढली की गळती अर्ध्या व्होल्टच्या आत येते. वीस-पंचवीस मॉड्यूलनंतर नवी जोडणी द्यावी, एकाच माळेवर सगळी अक्षरं ओवू नयेत.

सप्लाय बोर्डाच्या पोटात ठेवला तर वायर आखूड होते, हे खरं. पण परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पश्चिमेला तोंड केलेला बोर्ड आतून काय तापत असेल! ५० अंशांच्या पुढे बहुतेक सप्लायची ताकद उतरत जाते. त्यापेक्षा तो दुकानात, हात पोचेल असा ठेवावा आणि वायरीवर पैसे घालावेत. ॲक्रिलिकलाही ऊन भोवतं. आठ फुटी पट्टी थंडीतल्या पहाटेपासून भर दुपारपर्यंत ४० अंश तापली, तर सहा-सात मिमी वाढते. स्क्रूची भोकं नेमक्या मापाची पाडली की तडा तिथूनच सुरू होतो.

आता भिंत. जुन्या पेठांत प्लास्टरच्या आत कधी कधी पांढरी माती निघते. अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत फुगून पकड घेणारा बोल्ट, आवळताना नुसता फिरत राहिला, तर तो आणखी आवळण्यात अर्थ नसतो; आरपार बोल्ट घालून आतून लोखंडी पट्टी द्यावी, नाहीतर फ्रेम स्लॅबला टांगावी. वळवाचं वारं सुटलं की दहा बाय तीनचा बोर्ड शीड होतो.

पावसाचं पाणी निघायला अक्षराच्या तळाला ५ मिमीची भोकं हवीत. पक्कं काम म्हणून तीही सिलिकॉनने बुजवणारे महाभाग आहेत; मग अक्षरात पाण्याची रेघ दिसते. फ्लेक्सच्या ग्लो साइनला, म्हणजे आतून उजळणाऱ्या डब्याच्या बोर्डाला, मागून बारीक जाळीही हवी. उजेडाला किडे येतात, किड्यांमागे पाल, आणि ती मॉड्यूलजवळून गेली की सराफाच्या नावावर हातभर सावली फिरते. जाळी बोर्ड खाली असतानाच लावून घ्यावी.