विहिरीतला लाल पट्टा आणि डार्विनचा हिशेब

खानदेशात विहीर खोदणाऱ्याला खडकांचा क्रम तोंडपाठ असतो. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, त्याखाली घणाला दाद न देणारा काळा पाषाण. पाषाण संपला की कधीकधी गेरूसारखा लाल पट्टा लागतो आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या. खोदणाऱ्याच्या दृष्टीने हा पट्टा म्हणजे कटकट. चिकणमातीच असते ती, पाण्याने फुगते आणि ढासळते. बोअरमध्ये तिथे केसिंग टाकलं नाही तर भोक बुजतं.

पण उत्क्रांतीला लागणारा काळ कसा शोधला गेला, हे समजायला एवढा पट्टा पुरतो.

मांजऱ्या आणि त्याखालचा पाषाण मिळून लाव्हाचा एक थर होतो. वायूचे बुडबुडे वर चढतात, म्हणून थराचा माथा सच्छिद्र आणि पोट घट्ट. बुडाशी काही ठिकाणी बोटांसारख्या उभ्या नळ्या दिसतात, ओल्या जमिनीवर लाव्हा पसरला की अशा नळ्या होण्याची शक्यता जास्त. थर थंड झाला, ऊनपावसाने त्याचा माथा कुजला, माती झाली, त्यावर पुढचा लाव्हा आला आणि ती माती भाजली. लाल रंग काही कुजण्यातून आलेला, काही भाजण्यातून. एक थर ओतला जायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो दोन थरांच्या मधे.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, पट्ट्याच्या जाडीवरून वर्षं काढणं. काही पट्ट्यांत वाऱ्याने आलेली ज्वालामुखीची राख असते, त्यामुळे पुरुषभर जाडीचा पट्टाही पटकन तयार झालेला असू शकतो. दुसरी, प्रत्येक भेग म्हणजे नवा उद्रेक समजणं. एकाच उद्रेकात लाव्हाच्या जिभा एकमेकींवर चढतात आणि प्रत्येकीला काचेसारखी पातळ साल येते. साल दिसली पण मधे माती नसली, तर वेगळा उद्रेक धरू नये. साक्री-नंदुरबारकडचे डाइक, म्हणजे भेगांत शिरून गोठलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती, ओळखणं त्या मानाने सोपं. ते थरांना छेदून आरपार जातात, दोन्ही कडांना दाणा बारीक असतो, आणि जो कापतो तो ज्याला कापलं त्याहून नवा.

'खालचं जुनं, वरचं नवं' हा नियम डॅनिश अभ्यासक स्टेनोने 1669 मध्येच मांडला होता. त्यातल्या मधल्या जागेचं महत्त्व दाखवलं स्कॉटिश भूशास्त्रज्ञ हटनने. 1788 साली स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला त्याने उभे खडक पाहिले आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर पसरलेला तांबडा वालुकाश्म. गाळ साचला, दगड झाला, उभा राहिला, झिजला, मग त्यावर नवी वाळू बसली, हे सगळं एका रेघेत. आजच्या मोजणीने ती रेघ साधारण साडेसहा कोटी वर्षांची.

डार्विन 1831 च्या डिसेंबरात बीगल जहाजावर चढला तेव्हा भूशास्त्रज्ञ लायेलच्या ग्रंथाचा पहिला खंड त्याच्याजवळ होता. पुढच्याच महिन्यात केप व्हर्देच्या सांतियागो बेटावर त्याने समुद्रापासून साधारण 45 फूट उंचीवर शिंपल्यांचा पांढरा पट्टा पाहिला. वरून आलेल्या लाव्हाने तो भाजला होता. म्हणजे आपल्या लाल पट्ट्याचाच समुद्रातला भाऊ. 20 फेब्रुवारी 1835 ला चिलीत भूकंप झाला आणि किनारा काही फुटांनी उचलला गेला. कालव-शिंपले भरतीच्या रेषेवर उघडे पडून सडत होते. लहान लहान उचल, भरपूर वेळ, आणि पर्वत तयार. हाच हिशेब त्याने सजीवांना लावला. गंमत म्हणजे प्राण्यांच्या जाती बदलतात हे मान्य करायला खुद्द लायेलने कितीतरी वर्षं घेतली.

1859 च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या पुस्तकात डार्विनने झिजेला लागलेल्या काळाचा आकडाही दिला. दक्षिण इंग्लंडमधला वील्डचा प्रदेश 22 मैल रुंद. समुद्र 500 फुटांचा कडा शंभर वर्षांत एक इंच खातो असं धरा. 22 मैल म्हणजे 13,93,920 इंच, म्हणजे 13 कोटी 93 लाख 92 हजार वर्षं. झिजून गेलेल्या खडकाची जाडी सरासरी 1,100 फूट, म्हणून 1,100 भागिले 500 ने गुणलं की 30 कोटी 66 लाख 62 हजार 400. शेवटचे चारशेसुद्धा सोडले नाहीत! टीका झाली आणि 1861 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने हा हिशेब गाळला. चूक गुणाकारात नव्हती, सगळी झीज समुद्रावर टाकण्यात आणि वेग अंदाजाने धरण्यात होती. तिथला वरचा खडूचा थरच दहा कोटी वर्षांहून फार जुना नाही, मग त्याची झीज तीस कोटी वर्षांची कशी असेल? उलट भौतिकशास्त्रज्ञ केल्विनने 1862 मध्ये पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून 2 ते 40 कोटी वर्षं काढली आणि पुढे ती 2 ते 4 कोटींवर आणली. त्याने पृथ्वीच्या पोटातली हालचाल धरली नाही, आणि आतून उष्णता देणारा किरणोत्सर्ग 1896 पर्यंत कुणाला ठाऊकच नव्हता. माझ्या मते डार्विनचा आकडा चुकला तरी दिशा बरोबर होती. केल्विनचं गणित देखणं आणि दिशा चुकलेली.

डार्विनचा खरा युक्तिवाद मात्र आकड्यात नव्हता. मधले जीव सापडत का नाहीत, या आक्षेपावर त्याने एक अख्खं प्रकरण लिहिलं: थर म्हणजे चुकून उरलेली पानं, बहुतेक काळ थरांच्या मधल्या फटींत गेला.

याचा नमुना तापीच्या खोऱ्यात मिळतो. गाळाच्या पट्ट्याच्या कडेला, जिथे गाळ उथळ आहे, तिथल्या विहिरीत नदीचा गाळ थेट काळ्या खडकावर बसलेला दिसतो. खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, गाळ बहुतेक गेल्या 26 लाख वर्षांतला. मधल्या सहा कोटींहून जास्त वर्षांत जमिनीवरचा प्राणी देवमासा झाला, कुत्र्याएवढ्या प्राण्यापासून घोडा झाला, वानरकुळातून माणूस निघाला. विहिरीच्या भिंतीत यातलं काहीच नाही.

गाळ आणि खडक यांच्यामधली ही रेघ शोधायची तर गाळाच्या तळाची भरड वाळू-गोटे फोडून पाहा. त्यात काळ्या पाषाणाचे गोल झालेले तुकडे आणि गारगोट्या दिसल्या, तर गाळ बसण्याआधी खालचा खडक कडक होऊन झिजू लागला होता हे नक्की. पांढरा खडा दिसला तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. फसफसला तर चुनखडी किंवा कॅल्साइट. नाही फसफसला तर गारगोटी, किंवा मांजऱ्याच्या भोकांतून सुटलेलं झिओलाइट हे खनिज. नखाने कोरला जाणारा भुसभुशीत पांढरा थर मात्र नुसता चुना मुरलेला मुरूम असू शकतो. तोही फसफसतो, आणि त्याला गाळ समजलात तर रेघ चार हात खाली धरली जाते.