गळणारा पंप किती वर्षं टिकवायचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला शाश्वत उत्पादन विकास, म्हणजे टिकाऊ आणि निसर्गावर कमी भार टाकणाऱ्या वस्तू घडवणं, मी प्रकल्पातून शिकवतो. प्रकल्प म्हटला की मुलांना लगेच नवं यंत्र बनवायचं असतं. मी आधी बंद पडलेलं उघडायला लावतो. यंदा पाठीवरचे बॅटरीवाले फवारणी पंप घेतले. माळ्यांवर, गोठ्यांत पडलेले पंप मुलांनी गावागावांतून मागून आणले. हातमोजे घालून, साबणाच्या पाण्यानं धुतल्याशिवाय एकालाही हात लावू दिला नाही.

तळाचं झाकण काढलं की आत १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी आणि शेजारी डायफ्रामचा, म्हणजे लवचिक पडद्यानं पाणी ढकलणारा, छोटा पंप. दुसऱ्या बॅटरीला जोडल्याबरोबर बहुतेक मोटरी गरगर फिरल्या. बघायला आलेले एक काका म्हणाले, "पंप कुठी खराब होते सर, ब्याटरी मरते." निदान अचूक होतं. कपाशीची शेवटची फवारणी झाली की पंप माळ्यावर जातो, तो पुढच्या पावसाळ्यातच उतरतो. चार्ज संपलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि ती चार्ज घेईनाशी होते. शिशाला भंगारवाला भाव देतो. टाकी पडून राहते.

मुलांनी नवा पंप केलाच नाही. छपरावर छोटं सोलर पॅनल, सोबत बॅटरीत जास्त वीज जाऊ न देणारा चार्ज कंट्रोलर, आणि या सोलर चार्जरनं माळ्यावरची बॅटरी वर्षभर १३.५ व्होल्टच्या आसपास धरून ठेवायची. तळाचं झाकण खटक्याचं केलं, म्हणजे बॅटरी शेतकरी स्वतः बदलेल. मला याचा अभिमान वाटला, अजूनही वाटतो. परीक्षणाला आलेल्या बाहेरच्या प्राध्यापकांनी मात्र "यात नवीन उत्पादन कुठे आहे?" विचारून गुण कापले. जुनं टिकवणं हे डिझाइनचंच काम आहे, हे आपल्या परीक्षकांना कधी पटणार?

पण मला झोप लागू देत नाही ते गटातल्या एका मुलीनं दाखवलं. परीक्षणाच्या आदल्या दिवशी तिनं एका पंपाच्या पट्ट्याचं कापड उसवलं. आतला फोम तपकिरी पडलेला, कडक, आणि धुऊनही औषधाचा वास मारणारा. मग टाकीत साधं पाणी भरून तिनं पंप पाठीवर घेतल्यासारखा पुढे वाकवला. झाकणाच्या कडक झालेल्या वॉशरमधून पाणी झिरपलं, टाकीवरून ओघळत पट्ट्यात मुरलं.

"सर, हा पट्टा माझ्या बाबांच्या खांद्यावर असते. हा पंप आणखी पाच वर्षं चालवायचा का?"

२०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा ही मुलं शाळेत होती. पंप बनण्यापासून भंगारात जाईपर्यंत काय काय खर्ची पडतं, त्या आमच्या जीवनचक्राच्या तक्त्यात शिसं, प्लास्टिक, वीज सगळं मोजलेलं होतं. फवारणाऱ्याच्या कातडीत काय जातं, याला रकानाच नव्हता.

वॉशर बदलणं सोपं आहे. फोम काढला तर १६ लिटर भरलेला पंप खांद्यात रुततो. आता चपलेच्या तळव्याचा ईव्हीए फोम लावून पाहतोय, तो पाणी शोषत नाही. पण ईसी प्रकारच्या, म्हणजे द्रावकात विरघळवलेल्या आणि पाण्यात मिसळून फवारायच्या, औषधांतल्या द्रावकानं तो फुगतो का, ते तपासायचं आहे.

ती म्हणते, पट्टा बदलल्याशिवाय चार्जर कोणालाच द्यायचा नाही. दोन मुलं म्हणतात, शेतकरी नवा पंप घेईल तर त्यालाही असाच फोम असेल, मग निदान त्याचे पैसे तरी वाचू द्या. मला दोन्ही बाजू पटतात, आणि चार्जरसाठी गावांतून फोन यायला लागलेत.