गवत कापायच्या आधी एंगाडिनला जायचं

झ्युरिकला येऊन सहा वर्षं झाली आणि दर जूनला आम्ही न चुकता एंगाडिनला, म्हणजे स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका दरीत, जातो. आई दरवर्षी फोनवर विचारते की अगं बर्फ बघायचा तर जानेवारीत जा ना, जूनमध्ये काय असतं तिथे. गवत असतं. गुडघ्यापर्यंत वाढलेलं, फुलांनी भरलेलं आणि उन्हात किड्यांच्या आवाजाने नुसतं घुमणारं.

सेंट नावाचं छोटं गाव आहे, साधारण 1400 मीटरवर. गावाबाहेरच्या कुरणात कुंपणाच्या खांबावर एक चिमुकला पक्षी बसलेला दिसतो, छाती नारिंगी, डोळ्यावर पांढरी भुवई, शेपटी सारखी झटकत असतो. जर्मनमध्ये ब्राउनकेलखेन. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, अरे हा तर आपला गप्पीदास! आणि खरंच जवळचं नातं आहे, गप्पीदासाच्याच कुळातला. फक्त आपला गप्पीदास थंडीत महाराष्ट्रात येतो आणि हा सहारा ओलांडून आफ्रिकेत जातो आणि मे महिन्यात परत या डोंगरात.

हा घरटं करतो जमिनीवर, उंच गवतात. मादी अंड्यांवर बसली की जवळजवळ दोन आठवडे बहुतेक वेळ तिथून उठत नाही, त्यानंतर पिल्लांचे दोन आठवडे. म्हणजे जूनचा बहुतेक महिना आणि जुलैचा थोडा भाग हे गवत उभं राहायलाच हवं. आणि नेमकं तेच आता राहत नाही. शेणखताची स्लरी टाकली, पाणी दिलं की गवत लवकर वाढतं, त्यात मशिनं आली, वाळलेल्या गवताऐवजी सायलेज (हिरवं गवत दाबून मुरवलेला चारा) करायला लागले, मग पहिली कापणी पूर्वीपेक्षा खूप आधी होते, आणि त्यात पिल्लंच नाही तर अंड्यांवरून न उठणारी मादीसुद्धा जाते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं, अजूनही कापणीच्या मशिनचा आवाज आला की पोटात कसंतरी होतं.

हे सगळं कळलं कसं, तर कोणीतरी मोजून ठेवलं होतं म्हणून. 1987-88 मध्ये एंगाडिनमधल्या ठरलेल्या जागांवर पक्षी आणि कुरणं दोन्हीची नोंद केली होती, 2009-10 मध्ये सेम्पाखच्या पक्षीसंशोधन संस्थेच्या लोकांनी त्याच जागा परत मोजल्या. 22 वर्षांत खत न घातलेली जुन्या पद्धतीची कुरणं 20 टक्के कमी झाली होती. ब्राउनकेलखेन जवळपास निम्मे झाले होते आणि आकाशात चढत चढत गाणारा चंडोल तर निम्म्याहूनही कमी उरला होता.

म्हणून मला वाटतं की डोंगरातल्या पक्ष्यांचं सगळंच हवामान बदलावर ढकलून चालणार नाही. गरमी वाढलीये हे खरंच, आणि खूप उंचावरच्या पक्ष्यांना त्याचाच मोठा फटका आहे. स्नो फिंच हा चिमणीसारखा पक्षी वितळत्या बर्फाच्या कडेला अळ्या शोधून पिल्लांना भरवतो, बर्फ लवकर गेला की ते ताटच जातं. टार्मिगन, म्हणजे हिवाळ्यात पांढरा होणारा तितरासारखा पक्षी, वर सरकतोय पण शिखराच्या वर काय आहे? रिंग ऊझल, म्हणजे आपल्या कस्तुराचा गळ्यात पांढरी चंद्रकोर घातलेला भाऊ, त्याला ओली मऊ माती आणि आखूड गवत लागतं गांडुळं काढायला, माती लवकर सुकली तर तोही खालच्या उंचीवरून गायब. जिथे गुरं चरायची बंद झाली तिथे उलट झुडपं आणि जंगल वाढतंय, म्हणजे झाडीतले पक्षी वाढतात आणि उघड्या कुरणातले जातात. पण एंगाडिनच्या कुरणांतून चंडोल कमी झाला तो मुख्यतः गवत लवकर कापल्याने, आणि ते माणसाच्या हातातलं आहे!

इथलं सरकार उशिरा कापणी करणाऱ्या शेतकऱ्याला पैसे देतं. अशा कुरणात ज्या तारखेआधी कापायचं नाही ती सपाटीवर 15 जून, मधल्या डोंगरात 1 जुलै आणि वरच्या पट्ट्यात 15 जुलै. आम्ही ज्यांच्याकडे राहतो त्या आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत, घराखालचा उतार त्या 15 जुलैपर्यंत तसाच ठेवतात. मी विचारलं पैशासाठी का, तर म्हणाल्या पैसे मिळतात ते बरंच आहे, पण माझे वडीलपण जुलैतच कापायचे.

आणि देशभरात 1999 पासून 1 चौरस किलोमीटरच्या 267 चौकोनांतले पक्षी दरवर्षी मोजले जातात, एकच ठरलेली वाट, पहाटे, विणीच्या हंगामात तीनदा, खूप उंचावर दोनदा. मोजणारे बरेचसे हौशी, आपापली नोकरी सांभाळून. मीपण पक्ष्यांचे आवाज शिकायला बसलेय, रोज ट्राममध्ये कानात हेच चालू असतं.

यंदा आजींच्या उतारावर ब्राउनकेलखेनची एक जोडी होती. नर खांबावर, मादी चोचीत अळी घेऊन गवतात शिरली आणि रिकाम्या चोचीने बाहेर आली. आम्ही लांबच्या बाकावरून तासभर बघत बसलो. शेजारचं कुरण तोवर कापून झालं होतं.