घोडीचा स्वभाव आणि वीतभर पट्टी

लांब दांड्यांचं बिट, म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा लोखंडी भाग, मागणारा माणूस माझ्या घोड्याच्या सामानाच्या दुकानात आला की मी आधी त्याचं खोगीर बघायला मागतो. गिऱ्हाइकाला ते रुचत नाही. त्याला वाटतं, हा आता नवं खोगीर गळ्यात मारणार. गंगापूर धरणाच्या बाजूला ज्यांचं फार्म-स्टे आहे, त्या दादांनाही तसंच वाटलं. त्यांची मारवाडी घोडी ‘बिघडली’ होती. तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून बांधायचा पट्टा, आवळताना चावायला यायची, उतारावर मान वर टाकायची, आणि आदल्या रविवारी एका पाहुण्याला घेऊन अशी उसळली की तो द्राक्षबागेच्या तारांशी जाऊन पडला. खरचटण्यावर निभावलं. दादांची यादी तयार होती: खोगिराखाली घालायला आणखी जाड पॅड, मान खाली बांधून ठेवणारा पट्टा आणि आठ इंची दांड्यांचं कर्ब बिट.

बिट मी दिलं नाही. कर्ब बिट म्हणजे तरफ. दांडी लांब, तितका हाताचा जोर हनुवटीखालच्या साखळीवर आणि जिभेवर वाढतो. हलक्या हाताच्या, एका हातात लगाम धरणाऱ्या स्वाराकडे ते शोभतं. फार्मवरचा पाहुणा तोल गेला की लगामालाच लटकतो.

फार्मवर गेल्यावर घोडीला त्याच खोगिरासकट वीसेक मिनिटं फिरवून आणायला सांगितलं आणि मग पॅड उचललं. पाठ घामानं चिंब, फक्त मानेच्या बुडाशी जो हाडाचा उंचवटा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढे कोरडे डाग. कोरडा डाग पाहून लगेच निकाल द्यायचा नसतो. खोगीर तिथे टेकतच नसेल तरीही जागा कोरडी राहते. म्हणून बोटांच्या पेरांनी दाबून पाहिलं. कातडी थरथरली, घोडीनं पाठ खाली सोडली आणि कान मागे पाडले. शेजारीच बंद्या रुपयाएवढे पांढरे केस आले होते. ते दाब पडल्याची खूण, पुन्हा काळे होतीलच असं नाही.

मग पॅडशिवाय, उघड्या पाठीवर खोगीर ठेवलं. थोडं पुढे ठेवून केसांच्या दिशेनं मागे सरकवायचं, ते आपणहून जिथे अडकतं ती त्याची जागा. खांद्याचं पातं त्याखाली मोकळं हलायला हवं. पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटं जायला हवीत. इथे करंगळीही शिरेना. मागचा भाग उचललेला, बैठक पुढे उतरती, म्हणजे पाहुणा आपोआप हॉर्नवर, खोगिराच्या पुढच्या उभ्या मुठीवर, ओणवा.

कारण आतल्या सांगाड्यात होतं. खोगिरावर ‘फुल क्वार्टर हॉर्स बार’, सात इंची कमान असं लिहिलं होतं. बार म्हणजे सांगाड्याच्या, पाठीच्या दोन्ही अंगांना टेकणाऱ्या पट्ट्या. अमेरिकन क्वार्टर हॉर्स रुंद, भरलेल्या पाठीचा, त्याचा हा उंचवटा बसका. मारवाडी घोडी अरुंद, उंचवटा उभा. रुंद कमान अशा पाठीवर खाली बसते. ऑनलाइन विकणाऱ्यानं ठळक काय लिहिलं होतं? ‘सोळा इंच’. ते माप माणसाच्या बैठकीचं! घोड्याच्या पाठीबद्दल चकार शब्द नाही. शिवाय एका कारखान्याचे सात इंच दुसऱ्याच्या सातांसारखे असतीलच असं नाही, कारण कमान कुठे मोजायची आणि बारचा कोन किती ठेवायचा हे जो तो आपलं ठरवतो.

खोगीर खाली बसलं म्हणून दादांनी दोन पॅड घातली. त्यानं ते उचललं गेलं, पण डुगडुगायला लागलं. डुगडुगतं म्हणून तंग आणखी आवळला. तो निओप्रीनचा, म्हणजे रबरासारख्या कृत्रिम कापडाचा, नाशिकच्या एप्रिलात आत घाम कोंडून ठेवणारा, आणि कोपराला घासणारा. मोहेरच्या, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांच्या, दोऱ्यांचा तंग हवा खेळू देतो, पण तो फोटोत साधा दिसतो ना! एवढं सोसून घोडी चावली की खोड तिची.

वजनाचा हिशेबही कोणी केला नव्हता. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शात बसावं, असा ढोबळ ठोकताळा आहे. घोडी अंदाजे ३४० किलोची, म्हणजे ६८. चामड्याचं ते खोगीर १६ किलोचं. उरले ५२. वीकेंडला मुंबईहून येणारे किती पाहुणे ५२ किलोत बसतात?

एवढ्यानं चावणं, मान टाकणं कळलं. उसळण्याचं कोडं मात्र मोतद्दार मामांनी सोडवलं. घोडी कोणी थोपटून शांत करत असेल तर तेच, पण त्यांना काही विचारायची फार्मवर पद्धत नव्हती. म्हणाले, “मागचा पट्टा पोटाकडं पळतो. मी सांगितलं होतं.”

अशा वेस्टर्न, म्हणजे काउबॉय धाटणीच्या, खोगिराला बहुधा दोन तंग असतात. पुढचा आवळायचा, मागचा पोटाला जेमतेम टेकेल इतकाच ठेवायचा. फार ढिला ठेवला तर मागचा खूर त्यात अडकतो. या दोघांना पोटाखालून जोडणारी वीतभर पट्टी असते. ती नसली की मागचा पट्टा सरकत जांघेशी जातो. रोडिओत, म्हणजे उसळत्या घोड्यावर टिकून राहायच्या अमेरिकन खेळात, घोडा जास्त उसळावा म्हणून पट्टा मुद्दाम जिथे बांधतात, तीच ही जागा. म्हणूनच मागचा तंग बांधायचा शेवटी आणि सोडायचा आधी.

पट्टी खोक्यात आलेली होती. कशाची ते कळलं नाही म्हणून कोणीतरी ती सामानखोलीच्या दाराला कडीऐवजी बांधली होती. बकल गंजलेलं, चामडं शाबूत. काढून, तेल लावून जागी बसवली, पाच मिनिटांचं काम.

पाहुण्यांच्या पोशाखाबद्दल थोडक्यात: फार्मवर काउबॉय हॅट दहा, हेल्मेट एक, तेही मोटरसायकलचं. हॅट फोटोपुरती ठेवा, पण दीड इंची टाचेचे, गुळगुळीत तळाचे बूट निदान चार मापांत ठेवा. जाड तळाचे स्पोर्ट शूज रिकिबीत शिरतात आणि माणूस पडला की तिथेच अडकतात. जाड शिलाईची जीन्स मांडी सोलते, तेवढं सोसवतं.

तारेचा साचा घोडीच्या पाठीवर दाबून, पुठ्ठ्यावर आखून कानपूरला पाठवला आहे. अरुंद कमान, गोल कडांचं, कापडी हलकं खोगीर येईल. तोवर पाठ दुखायची थांबेपर्यंत घोडीवर काही चढवायचं नाही, नुसती हातानं फिरवायची. दादांनी पट्टीचं लगेच ऐकलं, कारण ती फुकट होती. नव्या खोगिराचे पैसे काढताना मात्र दोनदा विचारलं, “तिसरं पॅड घालून भागणार नाही का?”

जुनं खोगीर विका, असं मी सांगितलं होतं. परवा मामांचा फोन आला. येवल्याच्या घोडेबाजारातून दादांनी आणखी एक घोडा आणला आहे आणि रविवारचे पाहुणे त्याच खोगिरात त्याच्यावर बसताहेत. पाठ कशी आहे विचारलं, तर मामा म्हणाले, “उंचच दिसते.” पुढच्या सोमवारी तार आणि पुठ्ठा घेऊन पुन्हा जायचं आहे.