चाक अखेर पुढं फिरलं: बैलगाडीच्या स्प्राइटची पुढची नोंद

मागच्या नोंदीत माझ्या गेममधल्या बैलजोडीच्या स्प्राइटची, म्हणजे पिक्सेलांच्या हलत्या चित्राची, आठ फ्रेमची (एकामागोमाग येणाऱ्या आठ चित्रांची) दुडकी चाल दाखवली होती आणि आता फक्त गाडी जोडायची राहिली असं लिहिलं होतं. गाडी जोडली. 320 बाय 180 च्या पडद्यावर जांबोटीच्या रस्त्यानं जोडी निघाली आणि शेजारी बसलेले मामा लगेच म्हणाले, “बैलं पुढं पळालेत आणि चाक मागं फिरालंय की रे!” मामांची हयात गाडी हाकण्यात गेली. त्यांच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं.

तेव्हापासून सगळा वेळ या एका चाकानं खाल्ला. पण आता ते पुढं फिरतंय, आणि कसं फिरतंय ते सविस्तर लिहितो, कारण टांगा, रहाट, पवनचक्की असं काहीही काढणाऱ्याला हे आडवं येणारच.

आपल्या गाडीच्या चाकाला बारा आरे, म्हणजे दोन आऱ्यांत 30 अंश. स्प्राइटमधल्या चाकाचा व्यास 25 पिक्सेल, घेर सुमारे 78.5. गाडी सेकंदाला 60 पिक्सेल जाते तेव्हा चाक सेकंदाला साधारण 275 अंश फिरायला हवं. बैलांच्या पावलांशी मेळ बसावा म्हणून सगळं ॲनिमेशन सेकंदाला 12 फ्रेमवर बांधलेलं होतं, त्यामुळे दर फ्रेमला चाक 23 अंश पुढं सरकत होतं. गणित बरोबर, पण सगळे आरे दिसायला सारखेच. एक आरा 23 अंश पुढं गेला काय किंवा त्याच्या पुढचा 7 अंश मागं आला काय, चित्र तेच उमटतं, आणि डोळा जवळची वाट धरतो. सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात त्याचं कारणही हेच. तिथं कॅमेरा सेकंदाला 24 चित्रं घेतो. वेग कमी करत नेला तर मध्येच एक जागा अशी येते की फ्रेमला बरोबर 15 अंश पडतात. तिथं चाक पुढंही जात नाही, मागंही नाही, नुसतं थरथरतं. ते तर उलट्या चाकापेक्षाही वाईट दिसतं.

उपाय असा: चाकाची फ्रेम वेळेवर नाही, अंतरावर बदलायची. बारा आरे असल्यामुळे 30 अंशांनंतर चित्र पुन्हा तेच येतं, म्हणून 10-10 अंशांच्या तीनच फ्रेम पुरतात. 10 अंश म्हणजे रस्त्यावरचे 2.18 पिक्सेल. गाडी तेवढी सरकली की पुढची फ्रेम. गोडो या गेम इंजिनमध्ये एकूण अंतराला 2.18 नं भागायचं, पूर्णांक घ्यायचा आणि तिनानं भागून उरलेली बाकी म्हणजे फ्रेमचा क्रमांक. उगाच 2 धरू नका. 2 धरलं की चाक किंचित घसरतं आणि लांब रस्त्यावर ते जाणवतं. बैलांची चाल 12 फ्रेमवरच ठेवली आहे, दोन्ही एकत्र छान दिसतात.

आता त्या तीन फ्रेम काढण्याविषयी. आधी व्यास 24 होता. सम आकड्याला मधला एक पिक्सेल नसतो, दोन बाय दोनचा ठोकळा असतो. मग उभा आरा एक तर दोन पिक्सेल जाड काढायचा किंवा एका बाजूला सरकवायचा, आणि फिरताना तुंबा (चाकाचा मधला गड्डा) डुगडुगतो. 25 केल्याबरोबर मध्याला एक पिक्सेल मिळाला आणि डुगडुग थांबली. एसप्राइट या पिक्सेलचित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधली रॉटस्प्राइट ही फिरवायची पद्धत वापरून चाक आपोआप फिरवूनही पाहिलं. रॉटस्प्राइट चित्र आठपट मोठं करून फिरवतं आणि पुन्हा लहान करतं; तलवार, पंख, दगड यांना ते झकास आहे. पण एक पिक्सेल जाडीचा आरा त्यात जागोजागी तुटतो. आरे हातानंच काढायचे, ओनियन स्किन लावून, म्हणजे आधीची फ्रेम खाली फिकट दिसत ठेवून. 30 अंशांच्या आऱ्याला दोनास एक (दोन पिक्सेल आडवे, मग एक वर) अशी पायरी दिली. खरा कोन त्यात साडेतीन अंशांनी कमी पडतो, पण रेघ स्वच्छ दिसते. 20 अंशांना तिनास एक. 10 अंशांचा आरा सात-आठ पिक्सेलांत फक्त एकदा वाकतो, आणि तो नेमका मध्यावर वाकवला तरच डोळ्याला खुपत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. सगळं चाक फिरवलं तर धावेवरची, म्हणजे चाकाच्या लोखंडी पट्टीवरची, चमकही फिरते आणि सूर्य चाकाला बांधल्यासारखा वाटतो. म्हणून तीन थर केले. खाली धाव, डावीकडे वर चमक, स्थिर. मध्ये आरे, तेवढेच फिरणारे. वर तुंबा, पुन्हा स्थिर. ही युक्ती लागू झाली तेव्हा चाक पहिल्यांदा लोखंडाचं दिसलं. फार समाधान वाटलं.

धावेचा गोल मात्र तरीही कुठंतरी चेपलेला वाटत होता. आमच्या वडगावात मागावरच्या साड्यांच्या काठांची नक्षी ग्राफ पेपरवर काढणारे एक काका आहेत. त्यांना छापील चित्र दाखवलं. त्यांनी वरून चौकोन मोजत बोट फिरवलं आणि म्हणाले, “वरचे सात बरोबर. पुढं तीन, एक, दोन असं का तोडलास? उतार क्रमानं यायला पाहिजे.” आता धाव अशी आहे: वर आडवे सात पिक्सेल, मग दोन, दोन, एक, एक, दोन, दोन, आणि बाजूला उभे सात. गोल एकदम गोल झाला. पिक्सेलच्या वक्ररेषा शिकायच्या असतील तर जॅकार्डची (मागावर विणायची) नक्षी काढणाऱ्या माणसाजवळ तासभर बसा, असं मी मनापासून सांगेन.

हत्यारांबद्दल थोडं. एसप्राइटचे पैसे पूर्ण वसूल होतात. ते परवडत नसेल तर त्याच्याच जुन्या मुक्त आवृत्तीतून निघालेलं लिब्रेस्प्राइट चांगलं आहे. ग्राफिक्स टॅबलेट 25 पिक्सेलच्या चाकाला काही कामाचा नाही. साधा माऊस बरा.

आता वेगाचा प्रश्न. तीनच फ्रेम असल्यामुळे पडद्यावरचं चित्र एकदा बदलेपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, चाक एकापेक्षा जास्त फ्रेम पुढं गेलं की चाक पुन्हा उलटं भासतं. सेकंदाला 130 पिक्सेलपर्यंत सगळं ठीक, आणि उतारावर माझी गाडी त्याच्या पुढं जाते. तिथं आरे काढायचेच नाहीत असं ठरवलंय. खरं चाक वेगात असलं की आरे दिसतात कुठं? दोन तपकिरी छटांचं डिदरिंग केलेली (दोन्हींचे ठिपके आलटून-पालटून पेरलेली) एक धूसर चकती, तिच्यावर तोच तुंबा, तीच धाव. आधी 120 च्या वर चकती लावणार होतो, पण हे लिहिताना लक्षात आलं की जुना फोन 30 फ्रेमवर आला तर ही मर्यादा निम्म्यावर येते. तेव्हा वेग पाहायचाच नाही. एका फ्रेममध्ये गाडी दोन पिक्सेलपेक्षा जास्त सरकली की चकती, बस.

आणखी एक सुचलंय. धावेवर चिखलाचा एक गोळा हवा. पण तो चाकाच्या चित्रात काढला तर तीनऐवजी पूर्ण फेऱ्याच्या 36 फ्रेम लागतील. त्यापेक्षा दोन बाय दोनचा वेगळा स्प्राइट करून कोडनंच गोल फिरवायचा. खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात तांबडा, बैलहोंगलच्या बाजूला काळा. नुसता रंगांचा पॅलेट बदलला की झालं. तांबड्याची सावली जांभळ्याकडं आणि उजेड नारिंगीकडं झुकवलाय, पावसाळ्यातली माती बरोबर उतरलीय. त्यामुळे शिंगांना हुरमुंजी रंग आणि पाठीवर झूल असलेली बेंदराची जोडी पुढं ढकलली, आधी चिखल.

जुन्या, 30 फ्रेमवर चालणाऱ्या फोनवर कुणी डिदरिंगची चकती वापरली असेल तर पॅटर्न लखलखतो का ते कळवा. लखलखत असेल तर डिदरिंग सोडून सपाट मधली छटा भरेन.